खुर्ची भरायला गेले आणि निवड झाली

हिंगोलीला रोजगार मेळावा झाला त्या दिवशी मला नोकरी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळे ते विसरले. गोरेगावच्या एका खाजगी शाळेत चार वर्षं तिसरीचा वर्ग माझ्याकडं होता. पगार चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता, पण त्या वर्गाच्या जोरावर मी घरात ताठ उभी होते. पोरगी शाळेवर जाते म्हणून बाबा आलेलं स्थळ परस्पर वाटेला लावायचे. शाळा गेली की लग्न, हे मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मायच्या तोंडावर ते रोज लिहिलेलं असायचं.

मग बेरोजगारांच्या मेळाव्यात मी काहून गेले? तर तिथं बेरोजगार कमी पडून राहिले होते. मंडपात एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये, असा वरून निरोप आला होता आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष पडले उत्साही. त्यांनी शाळेला सुट्टी दिली, आम्हा सगळ्या बायांना शाळेच्याच गाडीत कोंबलं आणि हिंगोलीला नेलं. आम्ही पंख्याखाली बेरोजगार होऊन बसलो, आणि ज्यांना खरंच नोकरी पाहिजे होती ती पोरं फायली डोक्यावर धरून बाहेर उन्हात नोंदणीच्या रांगेत. धन्य ते नियोजन.

पुण्याच्या एका कंपनीच्या टेबलावरच्या पोरीनं माझ्यापुढं गयावया केली की ताई, एवढा फॉर्म भरा, मला संध्याकाळी आकडा दाखवायचाय. मला दया आली. तिचीपण नोकरीच होती ना ती. फॉर्म भरला तर तिनं विचारलं, पुण्याला याल का आणि बोलता येतं का. चार वर्षं तिसरीच्या पोरांपुढं घसा फाडलेल्या बाईला बोलता येतं का म्हणे.

दुपारी भाषणं झाली. एका पाहुण्यानं पोरांना सांगितलं, नोकरीच्या मागं लागू नका. हे ऐकायला बिचारी कळमनुरीहून, शिरड शहापूरहून सकाळची पहिली गाडी धरून आली होती. मग नियुक्तीपत्रं वाटायला सुरुवात झाली आणि माइकवर माझं नाव आलं. स्टेजवर फोटोत एक तरी मुलगी पाहिजे होती, हे मला मागून कळलं. मी गेले, पाकीट घेतलं, फोटो निघाला. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या अध्यक्षांच्या.

पाकीट मी परतताना गाडीत फोडलं. पुढच्या मुलाखतीसाठी आपला विचार होऊ शकतो, आम्ही कळवू. बस, एवढंच.

तोवर फोटो गावात पोचला होता. आमच्याकडं पत्र कोण वाचतं? दुसऱ्या दिवशी फाट्यावर अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यात मी नखाएवढी आणि शुभेच्छुकांची तोंडं ताटाएवढी. तिसऱ्या दिवशी शाळेत सत्कार. मी अध्यक्षांना आधी गाठून सांगितलं, सर, ते पत्र तसलं न्हाई. ते हसले आणि म्हणाले, हाच तुमचा मोठेपणा.

सत्कार म्हणजे आमच्याकडं शाल येते, नारळ येतो, आणि ज्याचा सत्कार त्यानं फक्त हात जोडायचे असतात. बोलायचं दुसऱ्यांनी. अध्यक्षांनी भाषणातच सांगून टाकलं की बाई पुण्याला चालल्या, तिसरीच्या वर्गावर उद्यापासून आपल्या भाचीला घेतलंय. भाची पहिल्या ओळीत नवी साडी नेसून बसली होती. माझी पोरं समोर सतरंजीवर होती, त्यातली दोन रडून राहिली होती. तेव्हाच माइक हिसकावून ओरडायला पाहिजे होतं की मी कुठंच चालले न्हाई. मी हात जोडले. त्या नमस्काराचा मला अजून संताप येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

पुण्याचा फोन आला नाही. मी लावला तर उचलला नाही. आठ दिवसांनी अध्यक्षांकडं गेले तर म्हणाले, बाई, सत्कार करून निरोप दिल्यावर परत कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील? घरी पुढचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी त्यांना 'या' म्हणलं.

ती माणसं मला पाहायला बाहेरच्या खोलीत बसली होती आणि मी चहा टाकत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. मेळावा भरवणाऱ्यांकडून एक मुलगी यादी वाचून बोलत होती. मेळाव्यामुळं प्रत्यक्ष नोकरी लागली का, हो की नाही, एवढंच सांगा म्हणाली.

"लागली," मी म्हणलं.

"अरे वा! कुठं?"

"गोरेगावला, शाळेत, तिसरीच्या वर्गावर. पण मला न्हाई. माझ्या जागी दुसरीला."

तिकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हणजे हो लिहिते, मॅडम."