भाऊजींचं ग्राइंडर

जळक्या लोखंडाचा वास आला की मला आमचे भाऊजी आठवतात. चांदूर बाजारच्या बागेतली वाळलेली संत्र्याची झाडं कापायची होती आणि चेनसॉची चेन बोथट झाली होती. मी चेनीच्या मापाची गोल कानस आणली, पेन्सिलीएवढी जाड, लाकडी मुठीची. प्रत्येक दातावर तिचे दोन-तीन हात मारले की काम झालं असतं. पण बहिणीचे यजमान मुक्कामाला आले होते, आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले की हा माणूस कुठल्याही विषयातला तज्ज्ञ व्हायचा. "अजून कानस घासून राहिला का बे?" म्हणत त्यांनी गाडीतून लोखंड घासायचं ग्राइंडर काढून चेनीला लावलं. मापाबिपाची चौकशी त्यांच्या शानेला शोभत नव्हती. ठिणग्या उडाल्या, दात जळून निळे पडले. जळालेला दात धार धरत नाही, हे जन्मभर विळे पाजवणाऱ्या बाबांना माहीत होतं. तरी ते म्हणाले, "वा जावईबापू. मस्त धार लावली तुमी." आमच्यात जावयाला चूक म्हणत नाहीत. ती चेन झाडावर नुसती घासत राहिली आणि धूर काढत राहिली. भाऊजी म्हणाले, "लाकूडच बेकार आहे." बाबांनी मान डोलावली. परवा अकोल्याला सासुरवाडीत, आयुष्यभर विहिरींवर मोटारी बसवणाऱ्या सासऱ्यांना मी मोटार कशी बसवायची ते तासभर समजावलं.  शेवटी ते मान डोलावून म्हणाले, "वा जावईबापू."