धर्माजींची विरळणी

माहीम गावच्या धर्माजींना झाडांतलं कळत नाही, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. केळी, पानवेली, चिकू, वाडीतलं सगळं त्यांच्या हातून गेलेलं. म्हातारपणी बोईसरला मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला आले, तरी कमरेचा कोयता सुटला नव्हता आणि बोलण्यातला तोराही.

इमारतीमागे भराव टाकलेली ओसाड जागा होती. उन्हाळ्यात तिथून भट्टीसारखी झळ यायची. सून मेघालीने दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आणि तिथे करंज, जांभूळ, भेंड, उंडी अशी रोपं खेटून खेटून लावली. मागच्या चाळीत बकऱ्या पाळणाऱ्या लाडकीला वर्गणी झेपली नाही. तिने पाणी घालायचं पत्करलं. देखरेख अर्थातच धर्माजींकडे आली.

"अगं, ही झाडं हायत की गवत? एकमेकांना भिडली की दोनी खुरटतात," ते म्हणाले.

"बाबा, हे जंगल आहे, वाडी नाही. दाटीतच ती भराभर उंच जातात, जमिनीवर सावली धरतात," मेघालीने समजावलं. धर्माजींनी मान डोलावली. पण पटलं असतं तर ते धर्माजी कसले!

चैत्रात पानं थोडी पिवळी पडली आणि त्यांचे हात शिवशिवू लागले. एका पहाटे त्यांनी, वाडीत आयुष्यभर केली तशी, विरळणी केली. एकाआड एक रोप उपटलं, लांब उकिरड्यावर टाकलं आणि चहा प्यायला वर गेले. सून शाबासकी देणार, याची त्यांना खात्री होती.

खाली आरडाओरडा झाला तेव्हा ते ऐटीत उतरले. मेघाली रिकाम्या खड्ड्यांपाशी बसून रडत होती. सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ लाडकीवर तुटून पडले होते. "तुझ्याच बकऱ्यांनी ओरबाडलं हे! लोकांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली होती!"

लाडकीने एकदा धर्माजींकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुकलं सायेब. पुन्हा नाय व्हनार."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माहीमचा वाडीवाला, आणि रोपं मारली म्हणून चारचौघांत नाव निघणार! लाजेने कान तापले, तरी धर्माजी तसेच वर निघून गेले.

उन्हं कलल्यावर लाडकी नेहमीसारखी हंडा घेऊन उरलेल्या रोपांपाशी आली. धर्माजी खाली गेले.

"लाडके, तुझ्या बकऱ्या नाय. मीच उपटली."

"ठावं हाय, काका. पहाटं नळावर व्हते, बघितलं मी. बकऱ्या तं मागंच मनोरला पोरीकडं धाडल्या."

"मग हात कशाला जोडलेस?"

"तुमची सून रडत व्हती. त्यात तिच्या घरातलंच नाव निघालं असतं, तं तिनं लोकांना तोंड कसं दाखवलं असतं? मला काय, बोलनी रोजचीच हायत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं धर्माजींना झालं. सकाळपासून त्यांना स्वतःच्याच नावाची पडली होती. त्यांच्या सुनेची काळजी या परक्या बाईने केली होती.

ते अंगणात मधोमध जाऊन उभे राहिले आणि दिनानाथांना, मेघालीला, एकेकाला नाव घेऊन हाका मारू लागले. खिडक्या उघडल्या, माणसं उतरली. धर्माजींनी मान वर केली नाही.

"बकऱ्या मनोरला हायत," ते म्हणाले. "रोपं मी उपटली. आधी या लाडकीची माफी मागा. मग मला काय बोलायचं ते बोला."