गोठ्यातलं इंजिन

फोन आला तेव्हा मी नाशिकला मुलीच्या स्वयंपाकघरात शेवया परतत होते. नातवाचा वाढदिवस होता. फोन आमच्या शेजारच्या गजाननचा. "काकू, तुम्ही निघा," एवढंच तो म्हणाला. मी सवयीने विचारलं, "का रे, गाडी बंद पडली का?" कारण गजाननचा फोन यायचा तो बहुतेक आमच्या व्हॅनच्या रडगाण्यासाठीच. त्याच्या हातून कोणीतरी फोन घेतला आणि सांगितलं, की यजमान दुपारी सवाऱ्या सोडून आले, बाजेवर पडले आणि उठलेच नाहीत. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. या खेपेला मी नक्की येतो, असं त्यांनी मला बोलून दाखवलं होतं. इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला होता. आणि निघायच्या दिवशी पहाटे नेहमीचंच झालं. कोणाच्या तरी सासऱ्याला धाप लागली, आणि मी एकटीच बसमध्ये चढले.

मी घरी पोचले तेव्हा अंगणात मांडव पडला होता आणि त्याच्या तोंडाशी व्हॅन एका कडेला तिरपी उभी होती. ती आधी दारासमोरच लावलेली होती, माणसांना आत-बाहेर करता येईना, म्हणून गावातल्या एका शहाण्याने चावी फिरवून ती पुढे घ्यायला पाहिली. गाडी मागे गेली आणि गजाननच्या न्हाणीघराची भिंत पडली. मग दहा-बारा जणांनी ढकलून तिला बाजूला केलं. गाव ट्रॅक्टरवाल्यांनी भरलेलं आहे, पण ती व्हॅन चालवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो आत चटईवर निजवलेला होता.

वसंतराव, म्हणजे माझे यजमान. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. मूळची मी देऊळगाव राजाची. लग्न होऊन आले तेव्हा इथली बोली ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून यांना. यांनी शेती भावावर सोडून जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. पायथ्याच्या चार गावांना सकाळची एक एस.टी. सोडली तर दुसरं काही नव्हतं. बाजार, दवाखाना, कचेरी, लग्न, सगळ्यांना व्हॅन लागायची. पण चढावर भरलेली व्हॅन पेट्रोल असं प्यायची, की फेरी करून घरी आल्यावर यांचं तोंड उतरलेलं असायचं. तेव्हा डिझेल पुष्कळ स्वस्त होतं. मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन अकोल्याला मिळत होतं. संग्रामपूरचे मिस्त्री सलीमभाई हे वसंतरावांचे दोस्त. दोघांनी मिळून ठरवलं, की व्हॅनमधलं पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं.

ते काम आमच्या अंगणातच चाललं. डिझेलचं इंजिन अंगाने मोठं, पुढच्या सीटखालच्या खोक्यात मावेना. मग खोकं कापलं, पत्रा वाकवला, माझी बसायची जागा निम्मी झाली. इंजिन कसंबसं बसलं, पण गिअरच्या दांडीपासून खाली जाणाऱ्या सळईला वाट उरली नाही. दोघांनी ती दुसऱ्या अंगाने फिरवून घातली आणि वरून सगळं वेल्डिंग करून टाकलं. फिरवल्यावर गिअर उलटे होतील हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नारळ फोडला, हार घातला, यांनी ऐटीत पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. गाव खो खो हसलं. सलीमभाई डोकं धरून म्हणाले, "भाऊ, सगळं खोलावं लागन." यांनी गंजीतून गाडी काढली, दांडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. मले समजलं. मलेच तं चालवाची हाये."

मलाच तर चालवायची आहे... या एका वाक्यात आमचं पुढचं सगळं आयुष्य अडकलं.

पुढे म्हणजे मागे, वर म्हणजे खाली, आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मध्ये जरा थांबून दांडी हलकेच हिसडायची. यांच्या हाताला ते बसलं, दुसऱ्या कोणाच्या हाताला बसलं नाही. गजाननला शिकवून पाहिलं, पुतण्याला शिकवून पाहिलं. दोघंही चांगले ड्रायव्हर, पण घाटात सवयीने हात चुकला तर गाडी भरल्या माणसांनिशी मागे जायची, म्हणून दोघांनी हात जोडले. शिवाय कागदावर ती पेट्रोलचीच राहिली, त्यामुळे तालुक्याबाहेर न्यायचीही सोय नव्हती. गाडी विकता येईना, कोणाच्या हाती देता येईना, घेऊन कुठे जाता येईना. आणि एव्हाना चारही गावांनी गृहीत धरलेलं, की वसंताभाऊ आहे. बाई अडली, वसंताभाऊ. साप चावला, वसंताभाऊ. मीनलच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या लग्नात पाठवणी होताना हे तिथे नव्हते. एका पोराने विहिरीत उडी मारून पाय मोडून घेतला होता, त्याला घेऊन गेले होते. मीनलच्या बाळंतपणाला मी एकटी गेले. नातवाला यांनी पाहिलं ते फोनवर, आणि मग ते लोक इकडे आले तेव्हा. मी भांडायचे, अबोला धरायचे. म्हणायचे, "देवाने तुम्हालाच नेमलंय का?" यांचं एकच उत्तर असायचं. "मले कसं येता येईन वं? मांगून कोणाचं काही झालं तं?" कोणाच्या मरणाशी बायकोने किती भांडायचं?

पण त्यांना ते आवडत होतं असं कोणी समजू नये. शोकसभेच्या भाषणांत लोक म्हणाले, सेवेचं व्रत घेतलं होतं. मला ते ऐकवेना. एकदा बाजाराचा दिवस होता, भर उन्हाळा, आम्ही संग्रामपूरहून परतत होतो. इंजिनच्या धगीने माझे पाय भाजत होते आणि मागे माणसं दाटीवाटीने बसलेली. सगळे उतरून गेल्यावर हे गाडी बंद करून तसेच बसून राहिले. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी म्हटलं, "उतरा ना." तर समोर बघत म्हणाले, "सुनंदा, म्या सोताले कोंडून घेतलं वं या डब्यात." मग हसले, आणि उतरून हातपाय धुवायला गेले. मी तेवढ्यावर सोडायला नको होतं, असं आता वाटतं, पण तेव्हा मला शाळेचे पेपर तपासायचे होते आणि भाकरी टाकायच्या होत्या.

काढलेलं पेट्रोलचं इंजिन यांनी विकलं नाही, हे मी सांगायचं विसरतेच आहे. ते आमच्या गोठ्यात दोन ओंडक्यांवर ठेवलेलं होतं, पोत्यात गुंडाळून. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. विळे, वखराची पास, कुदळ, माझी शिलाई मशीनसुद्धा ओळीने मांडायची. यांची पूजा त्या दिवशी लवकर आटपायची नाही. अंगणातल्या व्हॅनला हळदकुंकू, झेंडूचा हार झाला, की हे गोठ्यात जायचे. पोतं सोडायचं, प्लग काढून त्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडायचं, पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, फडक्याने पुसायचं आणि नवीन पोत्यात पुन्हा बांधायचं. एका वर्षीही चुकलं नाही. मी चिडवायचे, "जुन्या बायकोला तेल लावून झालं का?" ते म्हणायचे, "असू दे. कधी परत बसवाचं झालं तं जाम नाही झालं पायजे." कधी बसवायचं, हे मी विचारायचे. त्यावर ते "पाहू" म्हणायचे. पंधरा-वीस दिवस गाडी उभी ठेवावी लागेल, तेवढ्यात कोणाची वेळ आली तर... हे पुढचं मला पाठ होतं.

तेरावं झालं आणि आठवड्याभरात माणसं यायला लागली. आधी इकडचं तिकडचं बोलायची, मग अंगणात नजर टाकून विचारायची, "काकू, आता गाडीचं कसं कराचं?" मीनल म्हणत होती, भंगारात दे आणि कायमची इकडे ये. माझी बॅग भरलेलीच होती. पण वरच्या वस्तीतली एक बाई याच दिवसांत बैलगाडीतून दवाखान्यात गेली. वाचली बिचारी, पण ते ऐकून माझा पाय निघेना. मला स्वतःची भीती वाटली. म्हटलं, यांची जागा घ्यायला मी बसते की काय? त्याच दिवशी मी सलीमभाईंना बोलावून घेतलं. सांगितलं, ते डिझेलचं काढा आणि जुनं पेट्रोलचं बसवा. कोणालाही चालवता यायला हवी. गजानन चालवायला तयार होता.

सलीमभाई आता थकलेत. गोठ्यात जाऊन त्यांनी पोत्यावर हात ठेवला आणि मान हलवली. "वहिनी, नाराज नोका होऊ. इतक्या वर्षांत हे जाम झालं असन. भाऊ आपले मनाच्या समाधानासाठी करत जाय." मी नाराज झाले नाही. उलट, लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं. मनातून मी अगदी हेच मागत होते, की ते जाम निघावं. म्हणजे मग वाटच नव्हती, असं म्हणता आलं असतं. माणूस अडकला होता, संपलं. कोणावर रागवायचं कारण उरलं नसतं.

काम बरेच दिवस चाललं. वेल्डिंग कापलं, सळई सरळ केली, खोकं पुन्हा ठोकून बसवलं. सलीमभाईंनी नवे प्लग घातले, रबरी नळ्या बदलल्या, कार्बोरेटर धुतला. इंजिन त्यांनी आतून खोललंच नाही, आधी पाहू म्हणाले. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. गजानन सीटवर बसला. पहिल्यांदा चावी फिरवली, नुसतीच घरघर झाली. दुसऱ्यांदा फिरवली आणि इंजिन सुरू झालं. ठोका नाही, धूर नाही. त्या डिझेलच्या धडधडीपुढे तो आवाज इतका लहान होता, की मागच्या लोकांना ते चालू झाल्याचं कळलंही नाही. गजाननने पहिला गिअर टाकला आणि व्हॅन सरळ पुढे, फाटकाबाहेर गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सलीमभाई डोळे पुसत माझ्याजवळ आले. "भाऊनं लय जपलं होतं, वहिनी. काहीच झालं नोतं त्याले. कधीबी बसवलं असतं तं असंच चाललं असतं."

मी हो म्हटलं आणि गोठ्यात गेले. ओंडके तिथेच होते. शेजारी यांनी बांधलेलं पोतं पडलेलं, तेलाने मऊ झालेलं. ते उचलून मी घडी घालायला गेले आणि मला घालताच येईना. बाहेर लोक हसत होते, पोरं गाडीमागे पळत होती. मी ते पोतं छातीशी धरून बसले आणि इतक्या दिवसांनी यांच्याशी मोठ्याने बोलले. म्हटलं, अहो, मग माझ्याबरोबर आला का नाहीत?