तिसऱ्या टप्प्यातला खड्डा

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्यापाशी जमेल — बहुतेक.

सुरुवात अगदी फालतू आहे. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मामाने आम्हाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. लातूरची आमची गल्ली तेव्हा धड घरात झोपत नव्हती. दाराला कडी लावायची नाही, उशाशी बॅटरी, आणि जरा कुठं खुट्ट झालं की सगळे रस्त्यावर. दिवसा मात्र गल्लीतली सगळी पोरं आमच्या बैठकीत. पडद्यावरचा माणूस पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडला की मरायचा. लाइफ संपल्या की पुढच्याचा नंबर.

मला तो खेळ अजिबात जमत नव्हता. गेम आमचा आणि सगळ्यात आधी मरायचे मीच! मग मी एक थाप मारली. तिसऱ्या टप्प्यात मोडक्या पुलानंतर जो खड्डा आहे, त्यात मुद्दाम उडी मारली तर माणूस मरत नाही. खाली वेगळंच जग आहे — नुसती नाणी, निळं पाणी, एकही शत्रू नाही. मी एकटीच तिथं जाऊन आलेय, दुपारी, सगळे झोपलेले असताना. कुणी करून बघू नये म्हणून अटही घातली: तिथवर एकही लाइफ न घालवता पोचायला हवं. ते कुणाला जमणार नव्हतं. गल्लीत तेव्हा माझा काय भाव वधारला होता म्हणून सांगू!

आमच्या माडीवर संतोषदादा भाड्याने राहायचा. अर्धापूरचा, केळीवाल्यांच्या घरातला, बारावीच्या क्लाससाठी लातूरला आलेला. डॉक्टर व्हायचं — त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं एवढं एकच ठरलेलं. रविवारची टेस्ट झाली की तो घटकाभर खाली यायचा. माझं ते जग त्याने फार मनावर घेतलं. कुठं उडी मारायची, कुठं थांबायचं, हे त्याने केमिस्ट्रीसारखं पाठ केलं. आणि एका रविवारी तो एकही लाइफ न घालवता त्या पुलावर पोचला.

"बघ गं," म्हणाला, "आता चाललो तुझ्या गावाला."

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. तुम्ही काय केलं असतं? — नको, हा प्रश्न मी विचारू नये. मी ओरडले, "हलून राहिलंय! पळा!"

त्या हिवाळ्यात हे शब्द कुणी तपासून घेत नसे. बैठक रिकामी झाली. दादाने हातातला रिमोट टाकला, माझ्या चार वर्षांच्या भावाला काखेत मारलं आणि उंच ओट्यावरून थेट खाली उडी घेतली. भावाला खरचटलंही नाही. दादाचं उजवं मनगट मोडलं.

मी तेव्हाही बोलू शकले असते. पण समोरच्या काकू म्हणाल्या, "हाव, माझी भांडी वाजली की!" कुणाला दिवा हलताना दिसला होता, कुणाच्या पायाखालची फरशी सरकली होती. जो धक्का बसलाच नव्हता, त्याची साक्ष सगळ्या गल्लीने दिली. खरं सांगू? त्या संध्याकाळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

प्लास्टर परीक्षेच्या तोंडावर निघालं. सुजलेल्या हाताने त्याने पेपर लिहिले, काही अर्धेच राहिले. मेडिकल थोडक्यात हुकलं आणि घरच्यांनी परत बोलावून घेतलं. आता तो केळीचा व्यापार करतो. बरं चाललंय त्याचं. पण तो डॉक्टर झाला असता, हे मला ठाऊक आहे.

मध्यंतरी माझ्या मुलीने तोच जुना गेम मोबाइलवर घेतला. तिसऱ्या टप्प्यात, पुलानंतर, तिची उडी चुकली आणि माणूस खड्ड्यात पडला. मेला नाही. खाली नाणी होती. शत्रू एकही नव्हता. निळं पाणी तेवढं माझ्या पदरचं निघालं. म्हणजे त्या रविवारी मी नुसती गप्प बसले असते, तर दादा तिथं उतरला असता, माझी थाप खरी ठरली असती आणि त्याचा हात शाबूत राहिला असता. मी मुलीला म्हणाले, छान आहे, आता अभ्यासाला बस.

दिवाळीनंतर दादा घरी आला, केळीचा घड घेऊन. दरवर्षी येतो. माझ्या नवऱ्याला त्याने पुन्हा सांगितलं, "हिनं आवाज दिला म्हणून वाचलो आम्ही." मग मनगट चोळत मला विचारलं, "ते खालचं जग खरंच होतं का गं? का फेकून राहिली होतीस?"

मुलगी क्लासला गेली होती. तिचा मोबाइल टेबलावरच होता. मी गेम लावला, एव्हाना सरावाने जमत होतं तसं पडद्यावरच्या माणसाला पुलापर्यंत नेलं आणि मोबाइल दादाच्या हातात दिला. त्याने उडी मारली. नाणी बघून तो लहान पोरासारखा हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"इतकी वर्षं तुला खोटारडी समजत होतो मी," तो म्हणाला. "माफ कर गं."

मी म्हणाले, असू दे दादा. आणि त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.