पाचगणीहून आणलेली म्हातारी

आष्ट्याच्या गुणमालाबाई मगदूम यांना नावं ठेवायला कुठलीही गोष्ट चालायची. लग्नाला गेल्या की भात चिकट झालाय म्हणायच्या, आणि मोकळा असला तर घशात टोचतोय म्हणायच्या. नवरा गेल्यावर भुसार मालाचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, तेही या जिभेच्याच जोरावर. कुणी माल घेऊन आलं की पोत्यात हात घालायच्या, मूठभर हरभरा वर काढायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो हरभरा हाय व्हय? मला वाटलं खडं हायती." समोरचा माणूस आपोआप नरम यायचा.

गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकान बंद झालं. मग ही जीभ सगळी मुलाच्या वाट्याला आली. भरतेश सांगलीला राहायचा आणि रोज फोनवर ऐकून घ्यायचा. शेवटी त्याची बायको प्रीती म्हणाली, "आत्तींना एक मांजर आणून देऊ. जीव रमेल त्यांचा."

मांजर यायच्या आधी मांजराचं सामान आलं. एका रविवारी भरतेशच्या गाडीतून लाकडाचं तिमजली घर उतरलं, मखमली गादी उतरली, घुंगराचा पट्टा उतरला. मागोमाग वाळूची पिशवी आली.

"ही कशाला?" गुणमालाबाईंनी विचारलं.

"मांजराला शी-शूला बसायला, आत्ती. खास वाळू असते ती."

"कृष्णेच्या काठाला जन्म गेला आणि वाळू इकत आणलीया. नवरी ठरली न्हाई आणि रुखवत मांडून बसलाय तुमी."

शेवटी प्रीतीनं एक वाटी काढली. वाटीवर माशाच्या काट्याचं चित्र होतं. गुणमालाबाईंनी ती दोन बोटांत धरली.

"आणि ह्यात काय घालायचं? ह्या घरात मुंगी मरंल म्हणून चूल झाडून पेटवत हुतो आमी."

"शाकाहारी खाद्य मिळतं आता," प्रीती घाईनं म्हणाली. "मागवलंय मी."

"मांजराला शाकाहारी! उद्या वाघाला मुगाची खिचडी घाला."

पण मांजर येणारच असेल तर निवड आपण करणार, हे त्यांनी बजावून सांगितलं. सांगलीतल्या दुकानात चपट्या नाकाची पिल्लं होती. "दार लावताना मधी सापडलं काय वं हे?" असं त्यांनी दुकानदाराला विचारलं. दुसरं पांढरं स्वच्छ होतं, ते नुसतंच बघत बसायचं. "ह्याच्यापरास पिठाचा डबा बरा. झाकण तरी उघडतं." भरतेश कंटाळला. मग कुणीतरी पाचगणीच्या वीरधवल म्हणून गृहस्थांचं नाव सांगितलं. ते बंगल्यावर पर्शियन मांजरं पाळून पिल्लं विकायचे.

वीरधवलांनी आधी गुणमालाबाईंचीच परीक्षा घेतली. घरात एसी आहे का, गॅलरीला जाळी आहे का, रोज केस विंचरणार कोण. गुणमालाबाई वर छताकडं बघत राहिल्या. "मांजर देताय का लेक?" एवढंच त्या म्हणाल्या.

"आमच्या पिल्लांना उकडलेलं चिकन लागतं. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत," वीरधवल अभिमानानं म्हणाले.

भरतेश चपापला. "आम्ही जैन आहोत. शाकाहारी खाद्य मागवलंय."

"हो का? मग चालेल की! सवय लावली की काहीही खातात."

चहाच्या कपाची वाफ जायच्या आत माणूस फिरला. गुणमालाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की दुकानात माल आणणारा असता तर पोतं उचलून परत गेला असता. त्या उठल्या आणि हात धुवायला मागच्या बाजूला गेल्या.

मागं बंबाच्या खोलीशेजारी एक पिंजरा होता. त्यात राखी रंगाची मोठी मांजरी बसलेली. केसांच्या गाठी झालेल्या, एका डोळ्यातून पाणी वाहतंय. पोट लोंबून जमिनीला टेकलेलं. तिनं मान वर केली, गुणमालाबाईंना एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवलं. अशी कदर न करणारी नजर गुणमालाबाईंना उभ्या जन्मात पहिल्यांदा भेटली.

"ही कोण?"

मागोमाग आलेले वीरधवल ओशाळले. "ती दाखवण्यातली नाही. आत्ता बघितलेल्या पिल्लांची आजी म्हणा. म्हातारी झाली, आता पिल्लं होत नाहीत."

"माझीबी बंद झाल्याली लय वर्सं झाली," गुणमालाबाई म्हणाल्या. "मला कुठं कोंडलंय?"

भरतेशचे कान लाल झाले.

"हीच द्या. बाकीच्या तुमच्या बाहुल्या-भावल्या तुमालाच लखलाभ."

अशी ती मांजरी आष्ट्याला आली. तिमजली घराकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. मखमली गादी हुंगली आणि पलीकडच्या गोणपाटावर जाऊन बसली. गुणमालाबाई तिला 'म्हातारे' म्हणू लागल्या. सगळं बरं होतं, फक्त म्हातारी खाईना. दूध पाजलं, ते उलटलं. दूध-चपाती तशीच वाळली. प्रीतीचं शाकाहारी खाद्य वाटीत ओतलं, तर म्हातारीनं ते हुंगलं आणि घाण झाकावी तसं वाटीभोवतीची फरशी पायानं उकरत बसली.

गुरांचे डॉक्टर आप्पासो यांना बोलावलं. त्यांनी मांजरीचे डोळे बघितले, छातीला नळी लावली. "काकू, मांजराला मांस लागतंच. तसंच ठेवलं तर हळूहळू डोळं जातील, काळीज थकंल. पाकिटातलं मिळतंय, ते घाला."

"आलं मोठं सांगणारं. पाकिटात काय झाडाला लागल्यालं असतंय?"

डॉक्टर गेले. भरतेश फोनवर म्हणाला, "आई, परत देऊन येऊ. आपल्याला नाही जमायचं ते."

"कुणाला देतोस? पिंजऱ्याला?"

"मग बाहेर सोड. आपलं आपण धरून खाईल."

"तिला उठून वाटीपातुर येववंना. उंदीर काय तिला भेटायला येणार हायती? म्हंजे ती आपल्या डोळ्याआड मरावी आणि आपलं हात धुतल्यालं ऱ्हावंत. लय चांगला धर्म पाळतोस रं!"

फोन ठेवून त्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या. समोर नेमिनाथांची मूर्ती. लग्नाच्या मांडवाशी कोंडलेल्या प्राण्यांचं ओरडणं ऐकून ज्यांनी रथ मागं फिरवला, त्यांच्यापुढं उभं राहून कुठल्या तोंडानं विचारायचं? आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवणाऱ्या बाईला त्या दिवशी स्वतःलाच ठेवायला नाव सापडेना. पाकीट आणलं तर कुठल्यातरी जिवावर बेतलेलं असणार. नाही आणलं तर ही भिंतीकडं तोंड करून आंधळी होणार. दोन्हीकडं हिंसा. तिसरा रस्ता त्यांनी पुष्कळ शोधला, तो नव्हता.

येताना त्यांनी औषधाच्या दुकानातून रबरी हातमोजे घेतले. अंगणातली दुकानाची जुनी खोली झाडून तिथं गोणपाट टाकलं आणि पाकिटं प्रीतीला पाठवायला सांगितली. ती चित्राची वाटीही त्याच खोलीत ठेवली. पहिलं पाकीट फोडताना त्यांनी तोंडावर पदर घट्ट धरला. म्हातारी मात्र कधी नव्हे ती धडपडत उठली आणि वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. गुणमालाबाई बाहेर आल्या, डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्या दिवसापासून तूप आणि गूळ सोडला. का सोडला ते कुणाला सांगितलं नाही.

वास लपत नाही. आठवड्याभरात शेजारची मनुबाई बस्तीच्या पायरीवर चार बायकांसमोर म्हणाली, "काकू, तुमच्या अंगणात मासळी आल्याली म्हणं. जलमभर आमाला शिकवलंसा, आन् आता हे?"

बायका उत्तर ऐकायला थांबल्या. काकू आता मनुबाईच्या सात पिढ्या काढणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

"आलीया," गुणमालाबाई म्हणाल्या. "पाप हाय ते. न्हाई म्हणत न्हाई मी. पर ते माझं मी भोगीन. तुला त्यातलं चिमूटभरबी देणार न्हाई, काळजी करू नगंस."

आणि त्या गुडघा धरत पायऱ्या चढून दर्शनाला गेल्या.

काही बायकांनी त्यांच्याकडं पाणी प्यायचं सोडलं. "बरं झालं," गुणमालाबाई म्हणाल्या, "तांब्या घासायचा वाचला." पण त्या दिवशी त्या दुपारभर जेवल्या नाहीत, हे भांडी घासायला येणाऱ्या धोंडुबाईंनी बघितलं.

पुढं म्हातारीचे गाठीचे केस कापावे लागले. कापल्यावर ती अशी काही दिसू लागली की भरतेशनं पाहुण्यांना तिला दाखवायचं नावच काढलं नाही. डोळा पाणवायचा थांबला. हिवाळ्यात ती अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायला लागली. गुणमालाबाई आत पावटा सोलत बसायच्या.

"आत न्हाई यायचं," त्या दम भरायच्या. "तोंड बघ कसलं झालंय, सोलल्याल्या रताळ्यावाणी."

म्हातारी उंबऱ्याबाहेर पाय दुमडून बसायची आणि गुणमालाबाई मनुबाईपासून वीरधवलांपर्यंत सगळ्यांना एकेक करून नावं ठेवायला लागायच्या. मांजरी डोळे मिटून ऐकून घ्यायची. पावटा संपला तरी त्या उठायच्या नाहीत.