गाडी तापल्यावर येणारा आवाज

आमचे हे तीस वर्षं गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतायत. नुसत्या कानाने गाडीचं दुखणं ओळखतात, अशी ख्याती. गेल्या वर्षी तो कान गेला, आणि ते फक्त मला ठाऊक. ह्यांना कळलंय की नाही, देव जाणे. घरी टीव्ही ठणाणा लावतात आणि वर मलाच म्हणतात, पुटपुटू नकोस. माणूस खचेल म्हणून मी विषयच काढला नाही.

परवा शाळेच्या पोरांची ने-आण करणारा व्हॅनवाला गॅरेजमध्ये आला. "मिस्त्री, चढावर, चांगली तापली की टकटक करते. तुमच्या दारात आणली की मुकाट."

तो बाहेर फोनवर बोलत उभा राहिला. ह्यांनी इंजिन तापू दिलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, त्याची मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. रेस करून सोडली. हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या मला ठोके स्पष्ट ऐकू आले. जड, खोलवरचे, तीन-चारच. मग पुन्हा गप्प.

ह्यांनी बॉनेट लावलं आणि त्याला आत बोलावलं. "काही नाही रे. बिनधास्त ने."

इतकी वर्षं इथे बसून एवढं कळतं, की हा बेअरिंगचा आवाज. ते गेलं की इंजिन चालता चालता जाम. चढावर, मागे चौदा पोरं. बोलावं तर नवऱ्याची लाज जाते. व्हॅनवाल्याने किल्ली उचललीसुद्धा. मी उठून ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आवाज आहे. मी ऐकलाय."

"तुला काय कळतं त्यातलं?" हे म्हणाले.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

बोलून गेले. व्हॅनवाला जमिनीकडे बघत राहिला. हे गाडीखाली शिरले आणि ऑईल काढलं. परातीतल्या काळ्या ऑईलमध्ये बेअरिंगच्या धातूचा चुरा चमकत होता. व्हॅनवाला शाळेला दुसरी गाडी बघा म्हणून सांगायला गेला.

ह्यांनी हात पुसले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"वर्ष झालं."

रागावले असते तर मी निभावून नेलं असतं. पण हे हळूच म्हणाले, "मग वर्षभर मी 'काही नाही' म्हणून सोडलेल्या गाड्या?"

हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी फोन उचलला आणि आधी लेकीला लावला. तिची गाडी गेल्याच महिन्यात ह्यांनी तपासून दिली होती.