रॅटल म्हणजे खुळखुळा

मंडळी, आज दुपारी एका शब्दाने घात केला.

शेजारचे अण्णा नेवाशाला दवाखान्यात ॲडमिट होते. खाटेजवळ त्यांची मुलगी सुमन आणि मी. डॉक्टर दक्षिणेकडचे. अण्णांच्या घशातला आवाज ऐकून त्यांनी नर्सला इंग्रजीत 'रॅटल' सुरू झाल्याचं सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

"काका, तुमची तर डिक्शनरी पाठ हाय. रॅटल म्हंजी काय वो?" सुमनने विचारलं.

शाळा सुटल्यावर मी इंग्रजी एकट्याने, डिक्शनरी घेऊन शिकलो. अर्थ सांगायचा तर क्रमाने सांगायचा, ही माझी शिस्त.

"पहिला अर्थ खुळखुळा, लहान मुलांचा. दुसरा, खिळखिळ्या दाराचा आवाज. तिसरा..."

"खुळखुळा व्हय! मग कफ सुटतोय," म्हणत ती हसली. राजूरला शिक्षक असलेल्या भावाला तिने लगेच फोन लावला. "दादा, घाबरू नको. सकाळी निवांत निघ."

मी तिच्या हातून फोन घेतला. "अरे, अण्णांना घरघर लागलीय. आत्ता निघ."

सुमन माझ्याकडे बघतच राहिली. "काका, मग मला हसू कशाला दिलं?"

दादा वाटेत संगमनेरपर्यंतच पोचला होता, तेव्हा अण्णा गेले.

अर्थांचा क्रम बरोबरच होता, हे मी आत्ताही म्हणतो. पण खाटेजवळ असं कोणी विचारलं, तर तुम्ही कुठल्या अर्थापासून सुरुवात कराल?